दारापुढचा रस्ता आणि दारासमोरचा शेजारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी एखादा भव्य विषय निवडण्याची प्रथा आहे. आजचा विषय त्या मानाने अगदीच लहान वाटेल. घरासमोरच्या रस्त्यावर गाडी कोणी उभी करावी, आणि त्यावरून शेजारी वैरी झाला तर सुज्ञ माणसाने काय करावे, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या घरचे लोणचे चाखलेली कुटुंबे, एक मोटार चार फूट पुढे उभी राहिली म्हणून एकमेकांच्या अंत्ययात्रेलाही जाईनाशी होतात, तेव्हा विषय लहान राहत नाही.

या कलहाचे मूळ माणसांच्या स्वभावात जितके आहे, तितकेच शहरांच्या रचनेत आहे. जुन्या पेठांतील गल्ल्या आखल्या गेल्या त्या पायी चालणाऱ्या माणसांसाठी आणि फार तर बैलगाडीसाठी. पुढे वाड्यांच्या दिंडी दरवाजांत सायकली आल्या, मग स्कूटर आली. तोपर्यंत गल्लीने सर्वांना सामावून घेतले. नंतर वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि जेथे चार बिऱ्हाडे होती तेथे बारा झाली. प्रत्येक बिऱ्हाडात एक-दोन दुचाकी आणि एखादी मोटार आली. गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. माप न वाढता गिऱ्हाईक वाढले की दुकानात जे होते, तेच गल्लीत झाले.

प्रथम हक्काचा हिशेब स्पष्ट करून घेतला पाहिजे, कारण निम्मी भांडणे हक्काच्या चुकीच्या कल्पनेतून होतात. ज्याच्या घरापुढे सार्वजनिक रस्ता आहे, त्याला त्या रस्त्याचा कोणताही तुकडा स्वतःचा म्हणता येत नाही. आजोबांनी तेथे तीस वर्षे गाडी लावली असली, तरी ती सवय ठरते, मालकी ठरत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका घराच्या हद्दीपाशी संपते. मात्र एक गोष्ट निश्चितपणे हक्काची आहे, आणि ती म्हणजे स्वतःच्या फाटकातून आत-बाहेर करण्याची वाट. १९८९ च्या रस्ता-नियमांत मिळकतीचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करण्यास मनाई होती, आणि त्यांच्या जागी २०१७ साली आलेल्या वाहनचालन विनियमांतही ती कायम आहे. थोडक्यात, फाटकासमोरची वाट जमेच्या बाजूला लिहावी. भिंतीसमोरची जागा कोणाच्याच खात्यावर लिहिता येत नाही. पुण्यासारख्या शहरात जेथे सम-विषम तारखांच्या ‘पी-१’ व ‘पी-२’ या पाट्या आहेत, तेथे त्या दिवशी जी बाजू खुली असेल ती सर्वांना खुली असते.

असे असता लोक काय करतात? भिंतीसमोरची जागा राखण्यासाठी रस्त्यावर कुंड्या मांडतात, सिमेंट भरलेले डबे ठेवतात, मोडकी खुर्ची ठेवतात, जुनी बंद पडलेली स्कूटर कायमची उभी करतात. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी तर जागोजागी दिसते, आणि तिचे विनोदही होतात. परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३१ अन्वये रस्त्यावर विनापरवाना ठेवलेली अशी वस्तू आयुक्तांना नोटीस न देताही उचलता येते. आणि दुसऱ्याचे टायर कापणे किंवा गाडीच्या रंगावर खिळ्याने रेघ ओढणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे आगळीक, म्हणजे शिक्षेस पात्र अपराध आहे. ज्याची बाजू न्यायाची होती, तोच अशा रीतीने एका रात्रीत अपराधी होऊन बसतो.

येथे एका जुन्या पेठेतील गल्लीची हकीकत सांगणे उपयुक्त ठरेल. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ती आपल्याच गल्लीतील वाटेल.

त्या गल्लीत साठी ओलांडलेले एक गृहस्थ राहत होते. व्यवहारात चोख, देवधर्मात नेमस्त, गल्लीत मान. भिंतीसमोर त्यांची मोटार वीस वर्षे उभी राहत असे आणि ती जागा गल्लीने जणू त्यांना देऊनच टाकली होती. समोरचा वाडा पडून इमारत झाली आणि तेथे चाळिशीच्या आतबाहेरचा एक मनुष्य आई-वडील, पत्नी व मुलासह राहावयास आला. इमारतीत वाहनांना जागा अपुरी होती. तो रात्रपाळीहून परतताना जी जागा मोकळी दिसे, तेथे गाडी लावी, आणि मोकळी असे ती बहुधा गृहस्थांचीच.

पहिल्या दिवशी गृहस्थांनी खिडकीतूनच आवाज दिला, “ही आमची जागा आहे.” उत्तर आले, “रस्ता काय तुमच्या नावावर आहे? सातबारा दाखवा.” या दोन वाक्यांवर पुढील चौदा महिने गेले. गृहस्थांनी कुंड्या मांडल्या, शेजाऱ्याने त्या बाजूला सारल्या. गृहस्थांनी वाहतूक पोलिसांना बोलावले, शेजाऱ्यानेही बोलावले. एके दिवशी टोईंगची गाडी आली आणि चुकीच्या तारखेला चुकीच्या बाजूला असलेल्या दोघांच्याही गाड्या उचलून घेऊन गेली. शेजाऱ्याची बाजूही काही निर्मळ नव्हती. दोनदा त्याने गाडीचा बंपर मुद्दाम फाटकाला टेकवून लावला आणि एकदा गृहस्थांच्या पत्नीला उद्देशून बोलू नये ते बोलला. त्या रात्री गृहस्थांचा तोल गेला. पहाटेच्या सुमारास ते खाली उतरले आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांची हवा सोडून निमूटपणे वर येऊन झोपले.

सकाळी त्यांनी खिडकीतून पाहिले. समोरच्या ओट्यावर शेजाऱ्याचे वृद्ध वडील शाल पांघरून बसले होते आणि शेजारी रिक्षासाठी गल्लीच्या तोंडापर्यंत धावत जाऊन येत होता. बराच वेळ रिक्षा मिळाली नाही. गृहस्थांना त्या क्षणी समाधान वाटले, हे त्यांनी पुढे स्वतःच्याच तोंडाने कबूल केले.

यानंतर त्यांनी वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांनी सांगितले की दावा लावायचा तर पुरावा लागेल, रोजची नोंद ठेवा. गृहस्थांना हिशेबाची सवय होती. त्यांनी एक वही घेतली आणि रोजमेळ लिहावा तशी ती लिहू लागले. तारीख, वेळ, गाडी कोणाची, कोठे उभी, फाटक अडले की नाही, स्वतः जाऊन विनंती केली की नाही, असे सहा रकाने आखले. महिनाअखेर बेरीज केली. तीस दिवसांपैकी एकोणीस दिवस भिंतीसमोरच्या जागेत शेजाऱ्याची गाडी होती. फाटक मात्र तीनच वेळा अडले होते, आणि त्यांतही एकदा ती गाडी जवळच्या दुकानात आलेल्या एका ग्राहकाची होती. शेवटचा रकाना संपूर्ण कोरा होता. तीस दिवसांत, खरे तर चौदा महिन्यांत, त्यांनी एकदाही शेजाऱ्याच्या दारी जाऊन शांतपणे काही मागितले नव्हते.

वहीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी ती गाडी पहाटे पाचला निघे आणि दहाच्या सुमारास परत येई. गृहस्थांनी जेवताना सहज विचारले, “हे लोक आठवड्यातून तीनदा पहाटे जातात तरी कोठे?” सूनबाईंनी ताटाकडे पाहतच उत्तर दिले, “डायलिसिसला. त्यांच्या बाबांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत.” घरातील स्त्रियांना हे कित्येक महिन्यांपासून ठाऊक होते. परंतु समोरच्यांचे नाव काढले की गृहस्थांचा पारा चढे, म्हणून कोणी सांगण्याचे धाडस केले नव्हते. गृहस्थ ताटावरून उठले आणि त्यांनी दिनदर्शिका काढली. ज्या पहाटे हवा सोडली, तो सोमवार होता. डायलिसिसला सुमारे चार तास लागतात आणि एकामागून एक रुग्णांच्या वेळा ठरलेल्या असतात. उशिरा पोहोचणाऱ्याचा वेळ कापला जातो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी गल्लीतील डॉक्टरांकडून समजले.

त्याच डॉक्टरांनी मध्यस्थी केली. एका रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना दोघांना तेथे बोलावले. कोणाच्या घरी बैठक ठेवली असती तर एकाला पायरी चढल्यासारखे वाटले असते. गृहस्थांनी बसताच पहिले वाक्य उच्चारले, “त्या सोमवारी हवा मी सोडली होती.” शेजारी काही न बोलता उठला आणि निघून गेला. डॉक्टरांनी त्याला थांबविले नाही. आठ दिवसांनी तो आपण होऊन गृहस्थांच्या दारी आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, “काका, वडिलांच्या दिवशी जागा लागते. बाकीचे आपण ठरवू.”

पुढे डॉक्टरांच्या समक्ष साध्या कागदावर चार कलमे लिहिली गेली. फाटकासमोर कोणाचीही गाडी कोणत्याही कारणाने उभी राहणार नाही. सोमवार, बुधवार व शुक्रवारच्या आदल्या रात्री भिंतीसमोरची जागा शेजाऱ्यासाठी मोकळी ठेवली जाईल, इतर दिवशी जो आधी येईल त्याची. दोघांच्याही गाडीच्या काचेमागे दूरध्वनी क्रमांक लावला जाईल. रस्त्यावर कुंडी, डबा वा अन्य काहीही ठेवले जाणार नाही. खाली दोघांच्या सह्या झाल्या. ते मित्र झाले नाहीत. सणासुदीला ताटे गेली-आली नाहीत. परंतु करार मोडला गेला नाही. दीड वर्षाने शेजाऱ्याचे वडील निवर्तले. गृहस्थ स्मशानापर्यंत गेले. दिवसकार्य आटोपल्यावर शेजारी म्हणाला, “काका, आता ते तीन दिवस नकोत. जागा तुमची.” गृहस्थ म्हणाले, “जागा रस्त्याची. रात्रपाळीहून याल तेव्हा मोकळी असेल तर लावीत जा.”

बंधू-भगिनींनो, या हकीकतीतून व्यवहाराच्या काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की तक्रार करण्यापूर्वी नोंद ठेवावी. राग नेहमी चक्रवाढ व्याजाने हिशेब करतो, वही सरळ बेरीज करते. फाटक तीस दिवसांत तीनदा अडले की तीसदा, यावर पुढचा मार्ग अवलंबून असतो. दुसरी गोष्ट, खिडकीतून, गॅलरीतून किंवा काचेवर चिठ्ठी चिकटवून पहिला शब्द काढू नये. खाली उतरावे, दार वाजवावे, आणि ‘का लावली’ असे न विचारता ‘अडचण काय आहे’ असे विचारावे. तिसरी गोष्ट, स्वतःच्या हातून आगळीक घडली असेल तर ती बैठकीत प्रथम आपणच मांडावी. ती झाकून मागितलेला न्याय टिकत नाही. चौथी गोष्ट, जे ठरेल ते लिहून ठेवावे. शेजाऱ्यांत लिहिणे कमीपणाचे मानले जाते, पण जो व्यापारी नातलगालाही पावती देतो, त्याचेच नाते टिकते.

सर्वच शेजारी या शेजाऱ्यासारखे निघतील असे नाही. काही जणांना कलहाचीच गोडी असते. त्यांच्याशी क्षमा आणि भित्रेपणा यांची गल्लत करू नये. फाटक वारंवार अडविले जात असेल तर तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली अपराध आहे. जुन्या दंड संहितेत त्याचा दंड अवघा २०० रुपयांपर्यंत होता, १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. धमकी किंवा मारहाणीचा प्रसंग आला तर ११२ क्रमांकावर तत्काळ कळवावे, उलट हात उचलू नये. जेथे शांतताभंगाचे खरेच भय आहे, तेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ प्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या सुप्रसिद्ध ‘१०७’ प्रमाणे, बंधपत्र घेण्याची तरतूद आहे. फाटकाची वाट कायमची रोखली जात असेल तर दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो. कॅमेरा बसवायचा झाल्यास तो स्वतःच्या फाटकाकडे वळलेला असावा, शेजाऱ्याच्या दारा-खिडक्यांवर रोखलेला नसावा. नाहीतर एका भांडणातून दुसरे जन्म घेते.

तथापि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अनुभवातून आलेली आहे. दावा जिंकणारा आणि हरणारा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत दूध घ्यावयास उतरतात. मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये एखाद्या वस्तीतील रहिवाशांच्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्यात तिघा मध्यस्थांच्या मंडळाची कल्पना आहे. विशेष म्हणजे त्या मार्गाने झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येणार नाही, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे जोर राहतो तो दिलेल्या शब्दाचा. पूर्वी पंच मंडळींसमोर दिलेला शब्द जसा मोलाचा मानला जाई, तसाच. ज्या समाजात विश्वासाने चार माणसे एकत्र येऊन पन्नास वर्षे एक संस्था चालवितात, त्या समाजात असे तीन मध्यस्थ सापडणे कठीण नसावे. मात्र त्यांतील एक तरी मध्यस्थ समाजाबाहेरचा असावा, कारण शेजारी सर्वच धर्मांचे आणि जातींचे असतात, आणि त्यांना निवाडा परका वाटता कामा नये.

एक गोष्ट विसरता येत नाही. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना वेड्यावाकड्या गाड्या उभ्या राहिल्या की अडते ते फक्त शेजाऱ्याचे वाहन नव्हे. १०१ ला बोलाविलेला अग्निशमन दलाचा बंब आणि १०८ ची रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबते. तेव्हा जागा कोणाची होती, हे कोणी विचारीत नाही. म्हणूनच काचेमागचा दूरध्वनी क्रमांक ही फार लहान आणि फार मोठी गोष्ट आहे. आपल्या कार्यक्रमांना येणाऱ्या मंडळींनीही हे ध्यानी ठेवावे. मंगलकार्य आपले असते, फाटक मात्र दुसऱ्याचे अडते. आतमध्ये शांतिपाठ चालू असताना बाहेर कोणी तरी आपल्या नावाने हॉर्न वाजवीत असेल, तर त्या शांततेत काही तरी उणे राहिले.

दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी देशोदेशींच्या आप्तेष्टांना पत्रे जातात, आता मोबाईलवरून संदेश जातात. दूरच्या माणसाची क्षमा मागणे सोपे असते, कारण त्याच्याशी भांडण होण्याचा प्रसंगच वर्षभरात आलेला नसतो. ज्याच्या गाडीमुळे आपली आणि आपल्या गाडीमुळे ज्याची सकाळ बिघडली, तो दहा पावलांवर राहतो. त्याला संदेश पाठविता येत नाही, त्याच्याकडे चालतच जावे लागते. त्या गृहस्थांच्या वहीतील शेवटचा रकाना महिनाभर कोरा होता. प्रत्येकाने आपली वही उघडून तेवढा एक रकाना पाहावा, इतकीच या प्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र.